लग्नाचा फोटोग्राफर ठरवताय? पॅकेजच्या आधी या गोष्टी बोलून घ्या

हॉल ठरतो. केटरर ठरतो. पत्रिका छापायला जाते. मग घरातलं कुणीतरी विचारतं, “अरे, फोटोवाल्याचं काय झालं?” इन्स्टाग्रामवर चार-पाच पेज चाळली जातात, ‘दोन दिवसांचं पॅकेज किती?’ असा मेसेज जातो, आकडा जमला की ॲडव्हान्स दिला जातो. विषय संपला.

खरं तर विषय इथे सुरू व्हायला हवा. लग्नात चूक झाली तर बहुतेक गोष्टी सांभाळून घेता येतात. जेवण कमी पडलं तर मागवता येतं, हार सुकला तर दुसरा आणता येतो. पण अंतरपाट बाजूला होतो तो एकदाच. तो फोटो हुकला तर भटजींना “गुरुजी, परत एकदा” म्हणता येत नाही (काही जण म्हणतात, पण तो वेगळा विषय).

चांगले वेडिंग फोटोग्राफर जोडप्यासोबत नेमकं कसं काम करतात? भेटीत काय विचारतात? कॅमेऱ्यासमोर लाजणाऱ्यांचं काय करतात? आणि फोटोंवर कायद्याने हक्क कुणाचा? सगळं एकेक करून बघू. उदाहरणाला सीबीडी बेलापूर घेऊ, कारण इथे एका फोटोग्राफरला एकाच सीझनमध्ये महाराष्ट्रभरच्या पद्धतीची लग्नं करावी लागतात.

बेलापूरच का?

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगड पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहायला लागली. बेलापूर हे त्यातलं सरकारी आणि व्यापारी केंद्र. सिडको भवन इथे, कोकण भवन इथे, महापालिकेचं मुख्यालयही इथे. नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतची कुटुंबं इथल्या सेक्टर्समध्ये स्थायिक झाली. आणि सेक्टर्सच्या मधोमध जुनी गावठाणं आहेत, जिथे आगरी-कोळी समाज शहराच्या कितीतरी आधीपासून राहतो.

त्यामुळे इथल्या फोटोग्राफरचा नोव्हेंबर-डिसेंबर असा जाऊ शकतो: तुळशीची लग्नं लागली की पहिल्या आठवड्यात गावठाणात आगरी हळद, पुढच्या रविवारी सेक्टरमधल्या हॉलमध्ये गोरज मुहूर्तावरचं वैदिक लग्न, त्यानंतर बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय, आणि मध्येच एका वर्किंग डेला रजिस्टर मॅरेज. चारही ठिकाणी कॅमेरा तोच, पण कामाची पद्धत पूर्ण वेगळी. म्हणूनच पहिला प्रश्न ‘पॅकेज किती’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्याकडे लग्न कसं लागतं?’

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं?

अनुभवी फोटोग्राफर पहिल्या भेटीत अल्बम कमी दाखवतो आणि प्रश्न जास्त विचारतो. शक्यतो तो नवरा-नवरी दोघांशी बोलतो. कारण बऱ्याच घरांत पैसे देणारे वडील असतात, फोटोग्राफर शोधणारा भाऊ असतो आणि ज्यांचे फोटो निघणार त्यांनाच कुणी काही विचारलेलं नसतं. मग लग्नानंतर कळतं की नवरीला शांत, नैसर्गिक फोटो हवे होते आणि अल्बममध्ये तिच्या डोक्यावरून गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पडतोय.

या भेटीत साधारण हे प्रश्न यायला हवेत:

कार्यक्रम कोणकोणते? केळवण, साखरपुडा, मेंदी, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, पूजा. यातलं काय शूट करायचं आणि काय नाही?

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची माणसं कोण? आई-वडील तर आहेतच. पण मुलीला लहानपणी सांभाळलेली आजी, गावाहून येणारे काका, शाळेपासूनची मैत्रीण, ही माणसं फोटोग्राफरला आपोआप कळत नाहीत. सांगितली नाहीत तर ती गर्दीत हरवतात.

काही नाजूक आहे का? कुणाचे आई-वडील वेगळे राहतात, दोन भावांमध्ये बोलणं नाही, घरात नुकतंच कुणी गेलंय. हे विचारणं म्हणजे भोचकपणा नाही. हे माहीत नसलेला फोटोग्राफर भर स्टेजवर “आता नवऱ्याच्या मुलाचे आई-बाबा जवळ या, अजून जवळ” असं ओरडतो आणि सगळ्यांना अवघडून टाकतो.

विधवा आईचा प्रश्नही इथेच येतो. अजूनही काही घरांत ती स्वतःहून मागे उभी राहते. फोटोग्राफरला आधी माहीत असेल, तर तो तिच्यासोबत मुलाचे किंवा मुलीचे वेगळे, निवांत फोटो काढू शकतो. दहा वर्षांनी अल्बममधलं ते पान सगळ्यात जास्त वेळा उघडलं जाईल.

ट्रॅडिशनल, कँडिड, सिनेमॅटिक: फरक काय?

पॅकेजमध्ये हे तीन शब्द असतातच.

ट्रॅडिशनल म्हणजे विधींची क्रमाने नोंद आणि स्टेजवरचे ग्रुप फोटो. कोण आलं होतं, याचा पुरावा. तरुण मंडळी याला नाकं मुरडतात, पण वीस वर्षांनी ‘हे काका कोण?’ याचं उत्तर याच फोटोंत सापडतं.

कँडिड म्हणजे पोज न देता, घडत असताना टिपलेले फोटो. १९२० च्या दशकाच्या शेवटी एरिश सॉलोमन हा जर्मन छायाचित्रकार छोटा कॅमेरा घेऊन न्यायालयांत आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत शिरायचा आणि नेत्यांचे नकळत फोटो काढायचा. कँडिड फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या मोठ्या नावांत त्याची गणना होते. लग्नात ही पद्धत रुजवण्यात अमेरिकेच्या डेनिस रेगी यांचं नाव घेतलं जातं. २१ सप्टेंबर १९९६ रोजी जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आणि कॅरोलिन बेसेट यांचं लग्न झालं. छोट्या चर्चमधून बाहेर पडताना त्याने तिच्या हाताचं चुंबन घेतलं. संध्याकाळ उलटून गेली होती, प्रकाश जवळपास नव्हताच. रेगींनी टिपलेला तो एक फोटो जगभर छापला गेला. त्याला कुणी ‘पोज दे’ म्हटलं नव्हतं.

सिनेमॅटिक म्हणजे सिनेमासारखं कापलेलं, संगीत लावलेलं व्हिडिओ. त्यातला एक-दीड मिनिटाचा टीझर तुमच्या स्टेटसला जातो.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: ही तीन वेगळी कामं आहेत आणि एकच माणूस एकाच क्षणी तिन्ही करू शकत नाही. अंतरपाट बाजूला होतो तेव्हा नवरीचा चेहरा आणि नवऱ्याचा चेहरा दोन्ही हवे असतील, तर दोन बाजूंना दोन कॅमेरे लागतात. ‘टीममध्ये किती जण आणि कोण काय करणार’ हे आधी विचारा.

विधी माहीत असणं हेच अर्धं काम

चांगल्या फोटोग्राफरची खरी ओळख म्हणजे तो पुढच्या मिनिटाला काय होणार हे ओळखतो. त्यासाठी लेन्स महाग असून भागत नाही, विधी माहीत असावे लागतात.

वैदिक पद्धतीचं लग्न घ्या. बाहेर पाहुण्यांची धावपळ चालू असते, तेव्हा आत नवरी अष्टपुत्री नेसून एकटी गौरीहरापुढे बसलेली असते. दिवसभरातला तिच्या एकटीचा हा एकच शांत वेळ. मग मामा तिला मंडपात आणतो. मंगलाष्टका चालू होतात आणि दर वेळी अक्षता पडतात. त्या उडत्या तांदळाच्या दाण्यांवर कॅमेऱ्याचा ऑटोफोकस जाऊ शकतो, म्हणून जाणकार माणूस फोकस आधीच चेहऱ्यावर पक्का करून ठेवतो. पुढे लाजाहोमाचा धूर. मग कानपिळी: नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, सगळे हसतात, दहा सेकंदांत संपतं. सूनमुखाला सासू आरशात सुनेचा चेहरा बघते. फोटोग्राफर योग्य कोनात उभा असेल तर एकाच फ्रेममध्ये दोघींचे चेहरे येतात. चुकीच्या जागी असेल तर आरशात त्याचाच कॅमेरा दिसतो.

आगरी लग्नात गणित वेगळं. इथे हळदीचा कार्यक्रम लग्नाइतकाच, कधी कधी लग्नापेक्षाही मोठा असतो. ‘हळदीला एक माणूस पाठवा, लग्नाला तीन’ असं बाहेरचं पॅकेज इथे उलटं पडतं. शिवाय आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी धवल्यांमधून गाणारी ही बाई समाजात मानाची मानली जाते. धवळ्यांची परंपरा मराठीत फार जुनी आहे. १३ व्या शतकात महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर धवळे रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. धवले गाणाऱ्या बायका आता कमी होत चालल्या आहेत. त्यामुळे ज्या घरात त्या येतात, तिथे फोटोसोबत त्यांचा आवाज नीट रेकॉर्ड होणं फार मोलाचं आहे. पण डीजेच्या भिंतीशेजारी माइक धरून ते होत नाही. ते आधी ठरवावं लागतं.

डीजेवरून आठवलं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत लाऊडस्पीकर लावता येत नाही. म्हणजे हळदीचा नाच रंगायला साडेनऊ वाजणार असतील, तर फोटोग्राफरच्या हाती अर्धा तासच राहतो. वेळापत्रक करताना हे धरा.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नाही, होम नाही. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील होतं, वधू-वर प्रतिज्ञा घेतात आणि एकमेकांना हार घालतात. बऱ्याच जोडप्यांचे कपडे पांढरे असतात. एकूण विधी आटोपशीर असतो आणि पांढऱ्या कपड्यांवर जोरात फ्लॅश मारला की कापडाचा पोत निघून जातो, नुसता पांढरा डाग उरतो.

रजिस्टर मॅरेजमध्ये तर मुख्य क्षण म्हणजे सही. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्नाची नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. प्रत्यक्ष कार्यालयातलं काम मात्र काही मिनिटांचं. आत फोटो काढू देतील का, किती जणांना आत सोडतील, हे आदल्या दिवशीच विचारून घेतलेलं बरं.

कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखं होतं? मग हे वाचा

“आमचे फोटो चांगले येतच नाहीत.” प्रत्येक फोटोग्राफर हे वाक्य ऐकतोच. लग्नाच्या बाजारातली ही सगळ्यात जुनी तक्रार असावी.

कॅमेऱ्याची भीती नवी नाही. चित्रपटात येण्याआधी दादासाहेब फाळके फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. त्या काळात कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी अफवा होती आणि त्याचा त्यांना त्रास झाला, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. जुन्या लग्नाच्या फोटोंत नवरा खुर्चीत ताठ आणि नवरी शेजारी उभी, दोघंही गंभीर, असं दिसतं. त्यामागे रीत होतीच, पण तंत्रही होतं. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना एका फोटोसाठी बराच वेळ लागायचा. हललं की फोटो पुसट.

आता सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो निघतो, पण अवघडलेपण तसंच आहे. त्यावर अनुभवी फोटोग्राफर एक साधा उपाय करतात. ते पोज सांगत नाहीत, काम सांगतात. ‘हसा’ म्हटलं की चेहरा आखडतो. ‘त्याच्या फेट्याचं टोक नीट कर’, ‘दोघं त्या झाडापर्यंत चालत जा आणि पहिल्या भेटीत काय खाल्लं होतं ते आठवा’ असं सांगितलं की हातांना काम मिळतं, चेहरा मोकळा होतो.

दुसरा उपाय म्हणजे जागा आणि वेळ. हातात हात धरायला आईबाबांसमोर संकोच वाटत असेल, तर विधी संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं फक्त दोघांसाठी राखून ठेवायची. नातेवाइकांना जेवायला पाठवायचं. हे वेळापत्रकात लिहिलेलं नसेल तर ते कधीच होत नाही.

प्री-वेडिंग: दिखावा की सराव?

प्री-वेडिंग शूटवर मीम्स भरपूर आहेत. पण त्याचा एक खरा उपयोग आहे. जोडप्याला कॅमेऱ्याची आणि फोटोग्राफरला जोडप्याची सवय होते. कोण हसताना डोळे मिटतं, कुणाला डावीकडून फोटो आवडतो, कोण अनोळखी माणसांसमोर गप्प होतं, हे त्या दोन तासांत कळतं. ठरवून केलेल्या लग्नात तर काही जणांना एकमेकांशी निवांत बोलायला मिळालेला तो पहिला दिवस असतो.

त्यासाठी धूर सोडणारी मशीन आणि भाड्याचा गाऊन लागत नाही. बेलापूरमध्येच सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली ही वसाहत. छोट्या चौकांभोवती उतरत्या छपरांची घरं आणि झाडी. पण ती लोकांची राहती घरं आहेत, शूटिंगचा सेट नाही. कुणाच्या ओट्यावर बसण्याआधी विचारणं, मोठ्याने गाणी न लावणं, एवढं तरी पाळायला हवं.

आणखी काही ठिकाणी जपून. खाडीकाठच्या खारफुटीत आत शिरू नका. ती संरक्षित आहे आणि चिखल फसवा असतो. रेल्वे स्टेशन आणि मेट्रोच्या आवारात व्यावसायिक शूटला परवानगी लागते. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात दुर्घटना घडल्या आहेत आणि त्यामुळे तिथे वारंवार बंदी घातली जाते. जो फोटोग्राफर ‘काही होत नाही, आपण जाऊ आतून’ म्हणतो, तो तुमच्या लग्नाच्या दिवशीही असेच शॉर्टकट घेईल.

ड्रोनचंही तसंच. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि ड्रोनची नोंदणीही लागते. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केलेले आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं. तो बेलापूरपासून जवळच आहे. त्यामुळे आधी चालायचं ते आता चालेलच असं नाही. तुमचा हॉल कोणत्या झोनमध्ये येतो हे डिजिटल स्काय नकाशावर बघितलंय का, हे फोटोग्राफरला विचारा.

नवरीच्या खोलीत कॅमेरा: आधी सीमा ठरवा

‘गेटिंग रेडी’चे फोटो हल्ली सगळ्यांना हवे असतात. मेकअप, दागिने, आईने लावलेली नथ. पण ती कपडे बदलायची खोलीही असते. तिथे कोण आत येणार, केव्हा येणार आणि दार केव्हा बंद होणार, हे आधी ठरायला हवं. टीममध्ये महिला फोटोग्राफर आहे का, हे बिनधास्त विचारा.

ही मागणी नवी किंवा ‘नखऱ्याची’ नाही. प्रसिद्ध छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला होता. तिथे फोटो काढणारीही स्त्रीच होती. १३० वर्षांपूर्वी जे सुचलं, ते आज पॅकेजमध्ये मागायला संकोच कशाला?

दुसरी सीमा रंगाची. एडिटिंगमध्ये नवरीचा चेहरा दोन-तीन छटा उजळ करणं ही अजूनही अनेक ठिकाणी न विचारता केली जाणारी ‘सेवा’ आहे. सावळी मुलगी स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये स्वतःला ओळखू येत नाही, आणि तिच्या हाताचा रंग एक आणि चेहऱ्याचा दुसरा दिसतो. मुरुम काढा, पण रंग बदलू नका, तीळ पुसू नका, हे लेखी सांगा. फोटोग्राफरकडून एडिट करण्याआधीचे आणि नंतरचे दोन-चार नमुने मागून बघा. त्यावरून सगळं कळतं.

लग्नाच्या दिवशी तुम्ही काय करायचं?

दोन्ही बाजूंचा एकेक ‘माणसं गोळा करणारा’ नेमा. सगळ्यांना ओळखणारा चुलतभाऊ किंवा मावशी. ग्रुप फोटोंची यादी त्यांच्याकडे द्या. नवरीनेच स्टेजवरून “आत्या कुठे गेल्या?” असं शोधत बसू नये.

आजी-आजोबांचे फोटो सुरुवातीलाच काढून घ्या. ते दमतात, लवकर जेवतात, लवकर निघतात. आणि त्यांच्यासोबतचा पुढचा सोहळा कधी असेल हे कुणालाच माहीत नसतं.

मुहूर्ताच्या दोन मिनिटांसाठी पाहुण्यांना मोबाइल खाली ठेवायला सांगा. भटजींनी किंवा घरातल्या मोठ्या माणसाने माइकवरून सांगितलं तर लोक ऐकतात. नाहीतर अंतरपाटाच्या फोटोत नवरा-नवरीपेक्षा मोबाइल जास्त दिसतात.

गोरज मुहूर्त असेल तर लक्षात ठेवा, सूर्य मावळताना प्रकाश मिनिटामिनिटाला कमी होतो. बाहेरचे फोटो हवे असतील तर ते लग्नाआधीच. शिवाय भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने हॉलमधले काही स्वस्त दिवे डोळ्यांना न कळता सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटरचा वेग चुकला तर फोटोत काळे पट्टे येतात. म्हणून फोटोग्राफरने हॉल आधी बघितलेला असेल तर फायदा तुमचाच.

आणि फोटोग्राफरच्या जेवणाचं बघा. सकाळी सहाला आलेली माणसं दुपारी तीनपर्यंत उपाशी उभी असतात, हे फार ठिकाणी घडतं. पाहुण्यांच्या आधी वीस मिनिटं त्यांना वाढलं, तर कुणाचंच काही बिघडत नाही.

डेटा: इथेच खरी भीती आहे

दोन दिवसांच्या लग्नात चार हजार फोटो सहज होतात. एक रॉ फाइल ३० एमबी धरली, तर फक्त फोटोंचेच १२० जीबी. व्हिडिओ वेगळा. हे सगळं एका मेमरी कार्डवर किंवा एकाच हार्ड डिस्कवर असेल आणि ती बिघडली, तर लग्नच गेलं समजा.

म्हणून दोन कार्ड स्लॉट असलेला कॅमेरा महत्त्वाचा. त्यात प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर जातो. पुढचा नियम ३-२-१: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुमचा डेटा किती महिने सांभाळून ठेवणार आणि कधी डिलीट करणार, हेही विचारा. फोटो मिळाले की स्वतःच्या डिस्कवर लगेच प्रत काढा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो, त्यामुळे मूळ फाइल ड्राइव्हवरून किंवा डॉक्युमेंट म्हणून घ्या.

फोटो कुणाचे? कायदा काय सांगतो?

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे साध्या तोंडी व्यवहारात लग्नाच्या फोटोंवर हक्क तुमच्या बाजूचा. फोटो आपणच काढला हे सांगण्याचा नैतिक हक्क मात्र कलम ५७ नुसार फोटोग्राफरकडे राहतो.

पण ‘वेगळा करार नसल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अनेक करारांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फोटोंचे हक्क स्टुडिओकडे राहतील आणि ते जाहिरातीसाठी वापरता येतील. तुम्हाला ते चालत असेल तर ठीकच. तुमचं काम आवडलं म्हणून त्यांनी पोस्ट केलं, तर त्यांनाही काम मिळतं. पण चालत नसेल तर सही करण्याआधी ती ओळ खोडून घ्या. मधला मार्गही आहे: पोस्ट करण्याआधी प्रत्येक फोटो दाखवायचा, लहान मुलांचे आणि नवरीच्या खोलीतले फोटो टाकायचे नाहीत.

करारात एवढं तरी हवंच: तारखा आणि तास, येणाऱ्या माणसांची संख्या, किती एडिट केलेले फोटो, अल्बमची पानं आणि साइझ, फोटो व अल्बम मिळण्याची तारीख, लग्न पुढे गेलं तर ॲडव्हान्सचं काय, मुख्य फोटोग्राफर आजारी पडला तर कोण येणार, जीएसटी धरून रक्कम किती.

आणि अल्बमला उशीर झाला तर दर वेळी फोटोग्राफरचीच चूक असेल असं नाही. आठशे फोटोंतून दीडशे निवडायचं काम जोडप्याकडे असतं आणि ते कित्येक महिने तसंच पडून राहतं. सिलेक्शनसाठीही तारीख ठरवा.

एवढं करूनही कुणी पैसे घेऊन फोटो दिलेच नाहीत, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी ठरू शकते. आधी लेखी नोटीस द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तरी प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. म्हणूनच पैसे यूपीआयने द्या, पावती घ्या आणि चॅट डिलीट करू नका.

भेटायला जाताना हे सात प्रश्न सोबत न्या

१. आमच्या पद्धतीचं लग्न आधी केलंय का? एका लग्नाचा पूर्ण अल्बम दाखवाल? (निवडक दहा फोटो सगळ्यांचेच छान असतात.)

२. त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार? तुम्ही की तुमची टीम?

३. टीममध्ये महिला फोटोग्राफर आहे का?

४. त्वचेचा रंग एडिटिंगमध्ये बदलता का?

५. डेटाच्या किती प्रती, कुठे आणि किती दिवस?

६. आमचे फोटो आमच्या परवानगीशिवाय पोस्ट होणार नाहीत, हे लिहून द्याल?

७. फोटो आणि अल्बम कोणत्या तारखेला मिळणार?

या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा फोटोग्राफर कदाचित सगळ्यात स्वस्त नसेल, आणि त्याचे फॉलोअर्सही कमी असतील. पण तो तुम्हालाही उलट चार प्रश्न विचारत असेल, तुमच्या आजीचं नाव लिहून घेत असेल, तर ॲडव्हान्स द्यायला हरकत नाही.